न दुखणारी जागा

वर्षानुवर्षे इन्सुलिन घेणाऱ्या अनेकांची पोटावर एक ठरलेली जागा असते. बेंबीच्या बाजूला चार बोटांवर, रुपयाएवढी. तिथे सुई सहज शिरते, दुखत नाही, रक्ताचा थेंब येत नाही. म्हणून सकाळी तीच जागा, रात्री तीच जागा. ती दुखत का नाही, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तिथे त्वचेखाली चरबीची गाठ धरलेली असते आणि अशा गाठीत संवेदना कमी असते, म्हणून ती दुखत नाही. याच गाठीतून औषध रक्तात नीट पोचत नाही. कधी अडून बसते, कधी अवेळी सुटते. त्वचेखाली द्यायच्या इंजेक्शनांनी जागेवर जे त्रास होतात, त्यांत लाली, खाज, आग, निळे डाग यांची तक्रार रुग्ण लगेच करतात. सर्वांत महागात पडणाऱ्या त्रासाची तक्रार होतच नाही, कारण तो त्रास वाटतच नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. बारामती आणि इंदापूर हे आपले तालुके त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. बारामतीला रौप्यमहोत्सवी उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी दवाखाने तर भरपूर. पण त्वचेखालचे इंजेक्शन रोज दिले जाते ते यांपैकी कुठेच नाही. ते घरी दिले जाते: वस्तीवरच्या पडवीत, साखर कारखान्याच्या कॉलनीत, एमआयडीसीतल्या पाळीला निघण्याआधी. तिथे ना सिस्टर असते ना डॉक्टर. पहिल्या दिवशी कुणीतरी पाच मिनिटांत दाखवलेले असते, अनेकदा मेडिकलच्या काउंटरवरच, आणि त्या पाच मिनिटांवर पुढची पंधरा वर्षे निघतात.

आणि आता हा विषय इन्सुलिनपुरता राहिलेला नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा काही गरोदर बायकांना रक्ताची गाठ होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन, संधिवाताला मेथोट्रेक्सेट, एटानरसेप्ट किंवा अडालिमुमॅब, ठिसूळ हाडांना टेरिपॅराटाइड, केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला फिलग्रॅस्टिम, मूत्रपिंडाच्या रुग्णांना एरिथ्रोपोएटिन, असे बरेच काही आज त्वचेखाली टोचले जाते. त्यात वजन आणि साखर दोन्ही उतरवणाऱ्या साप्ताहिक पेनांची भर पडली आहे. टिर्झेपेटाइड २०२५ मध्ये भारतात आले आणि सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. अशी औषधे स्वस्त झाली की स्वतःच्या हाताने टोचून घेणाऱ्यांची संख्या वाढणारच.

टोचलेल्या जागेच्या त्रासाचा इतिहास इन्सुलिनच्या पहिल्या डोसापासूनचा आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोचला गेला. साखर फारशी उतरली नाही आणि टोचलेल्या जागी गळू मात्र झाले. जेम्स कॉलिप यांनी अर्क आणखी शुद्ध केला, २३ जानेवारीपासून तो पुन्हा द्यायला सुरुवात झाली आणि या वेळी मुलगा सावरला. पुढे पन्नास-साठ वर्षे गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन वापरात होते. त्यातल्या अशुद्धीमुळे मांडीवर, दंडावर खड्डे पडत. तिथली चरबी झिजून जाई. औषध शुद्ध होत गेले तसे हे खड्डे कमी झाले. १९८२ मध्ये जनुकीय तंत्राने केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. आपल्याकडे मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये देशी मानवी इन्सुलिन आणले. आज खड्डा पडलेला रुग्ण क्वचितच दिसतो.

गाठी मात्र राहिल्या. इन्सुलिनचे एक कामच मुळी चरबीच्या पेशी वाढवण्याचे आहे. एकाच ठिकाणी ते रोज ओतले की तिथल्या पेशी फुगतात. म्हणजे औषध कितीही शुद्ध केले तरी हा दोष जाणार नाही. तो कारखान्यात सुटणारा प्रश्न नाही, तो टोचणाऱ्याच्या हातातला आहे. प्रतिबंधाच्या सगळ्या उपायांत जागा बदलण्याला पहिले स्थान द्यायचे ते यासाठी.

त्याला पुरावाही चांगला आहे. स्पेनमध्ये ४३० रुग्णांची पोटे-मांड्या तपासून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना गाठी होत्या. जे नीट जागा बदलत होते त्यांच्यात हे प्रमाण अवघे ५ टक्के निघाले. गाठी असलेल्यांना दिवसाला सरासरी ५६ युनिट इन्सुलिन लागत होते, नसलेल्यांना ४१. हा १५ युनिटांचा फरक आपल्याकडच्या हिशेबात मांडून पाहा. महिन्याला ४५० युनिट झाले आणि आपल्या दहा मिलीलिटरच्या साध्या बाटलीत ४०० युनिट असतात. म्हणजे महिन्याला एक बाटली आणि वर थोडे. गाठ असलेल्यांपैकी ३९ टक्क्यांची साखर कारण कळत नसताना एकदम उतरत होती. असा अभ्यास एका वेळची स्थिती दाखवतो, त्यातून कारण-परिणाम शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे खरे. पण पुढच्या पाहण्यांचा कलही त्याच बाजूचा आहे. २०१४-१५ मध्ये ४२ देशांतल्या १३ हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली, तीत भारतातली केंद्रेही होती. तिच्या आधारे २०१६ मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय शिफारशी आल्या त्यांतही जागा बदलण्यावर आणि जागा तपासण्यावर मोठा भर आहे. भारतातल्या मधुमेहतज्ज्ञांनी २०१२ पासून स्वतःच्या शिफारशी काढल्या आणि २०१७ मध्ये त्या सुधारल्या. त्याही हेच सांगतात.

ऊस पिकवणाऱ्या भागात हे समजावणे खरे तर अवघड नाही. उसावर ऊस घेत राहिले की रान थकते आणि बेवड चांगली हवी, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. पोटालाही बेवड लागते. पद्धत सोपी आहे. बेंबीभोवतीची दोन बोटे जागा सोडायची. उरलेल्या पोटाचे मनाने चार भाग करायचे आणि एका आठवड्याला एक भाग वापरायचा. त्या भागातही दोन टोचण्यांत किमान एका बोटाचे अंतर ठेवायचे. मांडीची वरची बाहेरची बाजू दोन भागांत वापरता येते. मात्र आज सकाळी पोट, उद्या सकाळी मांडी असा गोंधळ नको, कारण साधे इन्सुलिन पोटातून लवकर आणि मांडीतून सावकाश शोषले जाते. सकाळचे पोटावर ठरवले तर रोज सकाळी पोटावरच, फक्त जागा सरकवत.

इथल्या पेहरावाचा आणि कामाचाही विचार करावा लागतो. परकराची किंवा लेंग्याची नाडी जिथे घट्ट बसते तो पट्टा टाळावा. तिथली त्वचा आधीच घासलेली, काचलेली असते. कपड्यावरूनच टोचण्याची सवय वाईट, कारण सुई किती आत गेली आणि कुठे गेली हे दिसत नाही. दंड हा स्वतः टोचून घेणाऱ्याच्या फारसा सोयीचा नाही, एका हाताने चिमटा धरता येत नाही. ऊसतोडीवरच्या माणसांनी तर दंड सोडूनच द्यावा. उसाच्या पात्याने हात ओरखडलेले असतात आणि ओरखड्यावर सुई म्हणजे जंतूंना वाट.

जागा ओळखायची कशी? डोळ्यांनी सगळ्या गाठी दिसत नाहीत, बोटांना कळतात. आंघोळीच्या वेळी बोटांना साबण लावून चांगल्या त्वचेवरून संशयित जागेकडे हळूहळू सरकावे. गाठ आली की बोटाखाली घट्ट, रबरासारखे लागते. मग चिमटा घेऊन पाहावा: चांगल्या जागेची घडी पातळ येते, गाठीची येतच नाही. गाठ सापडली तर तिथे टोचणे थांबवावे. ती आपोआप लहान होते, पण काही आठवडे ते काही महिने लागतात.

इथे एक धोका आहे आणि तो बजावून सांगायला हवा. गाठीत टोचून टोचून डोस वाढत गेलेला असतो. एके दिवशी कुणाचे तरी ऐकून तोच डोस चांगल्या जागी घेतला की सगळे औषध नीट शोषले जाते आणि साखर धाडकन उतरते. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. ते बहुधा डोस १० ते २० टक्क्यांनी कमी करतील, आणि पहिले काही दिवस साखर जास्त वेळा मोजावी लागेल. एरवी निरुपद्रवी वाटणाऱ्या सल्ल्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो, तो इथे.

सुईच्या लांबीबद्दल लोकांत एक पक्का गैरसमज आहे: जाड माणसाला लांब सुई हवी. माणूस जाड असो, बारीक असो, कुठल्याही वंशाचा असो, टोचायच्या जागी त्वचेची जाडी साधारण दोन मिलीमीटर असते. तिच्यापलीकडे गेले की काम झाले. त्यामुळे पेनला ४ मिलीमीटरची सुई जवळजवळ सर्वांना पुरते आणि ती सरळ टोचता येते. आठ मिलीमीटरची सुई बारीक माणसाच्या स्नायूत जाते. मग दुखते, रक्त येते आणि औषध भलत्या वेगाने चढते. सिरिंजची सुई लांब असते, म्हणून तिथे दोन बोटांनी त्वचेची घडी उचलायची. औषध गेल्यावर पेन लगेच ओढून न काढता दहापर्यंत मोजायचे, नाहीतर थेंब बाहेर येतो.

सुई पुन्हा पुन्हा वापरण्यावर उपदेश करणे सोपे आहे. दिवसाला चार टोचण्या म्हणजे महिन्याला १२० सुया, आणि शेतमजुराच्या घरी हा खर्च डोळ्यांत भरतो. नियम एकच आहे, प्रत्येक वेळी नवी सुई. वापरलेल्या सुईवरचा गुळगुळीत लेप जातो, टोक वाकते, त्वचेला इजा होते आणि वारंवार वापरणाऱ्यांत गाठी जास्त आढळतात. तरीही माझे मत असे की जागा बदलण्याचा पुरावा सुई बदलण्याच्या पुराव्यापेक्षा भक्कम आहे, आणि जागा बदलायला पैसा लागत नाही. ज्याला दोन्ही जमत नाही त्याला निदान पहिली गोष्ट आधी शिकवावी. दुसऱ्याची सुई, सिरिंज किंवा पेन वापरणे मात्र कोणत्याही परिस्थितीत नाही, घरातल्या घरातसुद्धा.

थोडे विषयांतर, पण आपल्याकडे ते आवश्यक आहे. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलीलिटरला ४० युनिटांचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या कार्ट्रिजमधले १०० युनिटांचे, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. ही अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होतो किंवा निम्म्याहूनही खाली येतो. मेडिकलमधून सिरिंज घेताना टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा जुळवून पाहावा.

औषध किती गार हाही जागेच्या दुखण्याचा एक मोठा भाग. फ्रिजमधून काढून लगेच टोचले की झोंबते. अडालिमुमॅबसारखी औषधे अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावीत. गरम पाण्यात बुडवू नयेत, उन्हात ठेवू नयेत. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली चार आठवडे बाहेर चालते, म्हणून ती गार करण्याची गरज नाही. अडचण अशी की इंदापूरचा एप्रिल-मे तीस अंशांत राहत नाही. केनियातल्या एका निर्वासित छावणीच्या तापमानाची नक्कल करून जिनिव्हा विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तापमान २५ ते ३७ अंशांत हलत राहिले तरी चार आठवडे इन्सुलिन टिकले. चाळिशी ओलांडणाऱ्या पत्र्याच्या घराला किंवा ऊसतोडीच्या कोपीला तो दिलासा पुरत नाही. तिथे ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके हा आजही शहाणा उपाय आहे. बर्फाला चिकटवून ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते.

आषाढीच्या आधी तुकाराम महाराजांची पालखी या दोन्ही तालुक्यांतून जाते: बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडीचे रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. दिंडीत इन्सुलिन घेणारे वारकरी असतात आणि त्यांच्यासाठी जागेचा प्रश्न वेगळाच होतो. मांडीत टोचून लगेच चालायला लागले तर चालत्या स्नायूंमुळे औषध लवकर चढते, आणि सबंध दिवसाच्या चालीने साखर तशीही उतरते. चालण्याच्या दिवसांत पोट बरे. डोस निघण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा आणि पेन सामानाच्या तापलेल्या टेम्पोत न ठेवता ओल्या फडक्यात गुंडाळून जवळ बाळगावे.

रक्त पातळ करणाऱ्या एनॉक्सापॅरिनची तऱ्हा निराळी. तिथे मुख्य तक्रार निळ्या-जांभळ्या डागांची. पोटाच्या बाजूला, बेंबीपासून तीन बोटे दूर, त्वचेची घडी धरून, सावकाश. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा बाहेर काढायचा नाही, तो तसाच आत जाऊ द्यायचा. शेवटचा थेंब तोच ढकलतो. घडी शेवटपर्यंत सोडायची नाही आणि नंतर चोळायचे तर मुळीच नाही. हळू टोचल्याने डाग लहान राहतो असे दाखवणारे अभ्यास आहेत, पण ते फार भक्कम नाहीत. तरी हळू टोचण्यात तोटाही नाही.

संधिवाताच्या जैविक औषधांत लाली-खाज पहिल्या महिना-दोन महिन्यांत जास्त असते आणि बहुतेकांत पुढे आपोआप कमी होते. दोन-तीन दिवस टिकणारा लाल चट्टा पाहून 'ॲलर्जी आली' म्हणत औषध बंद करणारे रुग्ण मात्र खरे नुकसान करून घेतात, कारण सांधे पुन्हा पेटतात. काही वेळा दुखण्याचे कारण औषधात नसून त्यातल्या सायट्रेटमध्ये असते. सायट्रेट नसलेला प्रकार मिळतो का, हे डॉक्टरांना विचारता येते. साप्ताहिक पेनांचे सांगण्यासारखे इतकेच की आठवड्याला एकदाच टोचायचे असले तरी जागा बदलावीच. तारीख लिहिताना डावे-उजवेही लिहून ठेवले की झाले.

स्पिरिटबद्दल आपल्या मनात उगाच धाक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शनानुसार त्वचेखालच्या इंजेक्शनाआधी साबण-पाण्याने स्वच्छ केलेली त्वचा पुरते. स्पिरिट लावलेच तर ते पूर्ण वाळू द्यावे. ओल्या स्पिरिटवर टोचले की आग होते आणि दोष औषधाला दिला जातो. नंतरचे घरगुती उपाय बहुतेक टाकाऊच. हळद, चुना, तेल लावून चोळणे, गरम शेक यांपैकी काही करू नये. चोळल्याने इन्सुलिन लवकर चढते आणि एनॉक्सापॅरिनचा डाग पसरतो. बाळाला उजव्या दंडावर गोवर-रुबेलाची लस त्वचेखाली देतात, तिथेही आशाताई काही लावू नका म्हणतात. फार झाले तर गार पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके ठेवावे.

कधी धावायचे? ओठ-डोळे सुजले, अंगभर पित्त उठले, श्वास लागला तर थांबायचे नाही, १०८ ला फोन. जागा गरम, लाल, वाढत चाललेली, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना, मधुमेह असेल तर विशेषच. आठवडे उलटले तरी न बसणारी, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारी, झिरपणारी गाठ असेल तर क्षयरोगाच्या जंतूंच्या जातकुळीतला वेगळा संसर्ग असू शकतो; तिथला पू तपासायला पाठवावा लागतो. इन्सुलिनच्या जागी अमायलॉइड नावाचे प्रथिन साचूनही गाठ होते आणि ती चरबीच्या गाठीसारखी विरत नाही. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता.

वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड डब्यात साठवाव्यात आणि आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात विचारून द्याव्यात. घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला त्या टोचता कामा नयेत.

हे सगळे शिकवायचे कुणी, हा खरा अडलेला प्रश्न आहे. शिफारशींनुसार इन्सुलिन घेणाऱ्याची जागा वर्षातून किमान एकदा बोटांनी तपासली पाहिजे, गाठी असतील तर जास्त वेळा. तालुक्याच्या गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर रिपोर्ट बघतात, साखर वाढलेली दिसते, डोस चार युनिटांनी वाढतो, आणि तो वाढलेला डोस पुन्हा त्याच गाठीत जातो. यात डॉक्टरांचा आळस कमी आणि वेळेची टंचाई जास्त आहे. शिवाय पोट उघडे करून दाखवायला बायकांना चारचौघांत संकोच वाटतो. हे काम सिस्टरने पडद्याआड दोन मिनिटांत करावे, त्याला यंत्र लागत नाही, तपासणीचे शुल्क लागत नाही. आरोग्य उपकेंद्रावर रक्तदाब आणि साखर मोजली जाते, त्याच खेपेला पोट चाचपणेही बसवता येईल. डोस वाढवण्याआधी जागा पाहणे हा नियम बारामती-इंदापुरातल्या प्रत्येक दवाखान्याने स्वतःपुरता केला तरी बरेच काम होईल.

तोपर्यंत रुग्णाने वाट पाहू नये. पुढच्या खेपेला साखरेचा रिपोर्ट पुढे कराल तेव्हा रोज कुठे टोचता ती जागाही दाखवा, आणि डॉक्टरांनी हात लावून पाहिल्याशिवाय वाढीव डोस घेऊन उठू नका.